रॉनीचे ओठ

"श्रीरंगदादा, तुमचं वाक्य संपलं, पण त्याचे ओठ अजून चालूच आहेत," हेडफोनमध्ये ऋजुता म्हणाली.

"मग त्याला सांग ना आवरतं घ्यायला," मी म्हणालो.

काचेच्या पलीकडे ऋजुताने कपाळाला हात लावला आणि रेकॉर्डिस्ट नौशाद खो खो हसला. काचेच्या अलीकडे मी एकटा. समोर माइक, वर पडदा, भिंतींना जाड स्पंज, आणि दार असं की लागलं की कानाला दडे बसावेत. ओशिवऱ्याच्या एका गल्लीतला तो डबिंग स्टुडिओ. या गोष्टीला आता चौदा-पंधरा वर्षं झाली, पण त्या खोलीतली कोंदट गार हवा मला अजून आठवते.

काम होतं 'टिन कॅथीड्रल' नावाच्या इंग्लिश रॉक बँडवरच्या माहितीपटाचं. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावातली चार पोरं, सत्तरच्या दशकात जगभर गाजलेली. आमच्या मराठी चॅनेलला त्यांचा अचानक पुळका का आला होता देव जाणे. सहा भाग होते. भाषांतर आणि दिग्दर्शन ऋजुता गानूचं, आणि बँडचा ड्रमर रॉनी हा माझ्या वाट्याला आला होता.

रॉनी म्हणजे सुखाची नोकरी होती. पहिल्या चार भागांत तो मागे बसून ड्रम बडवत होता आणि बाकीचे तिघे बोलबोल बोलत होते. मी दोनदा हसलो होतो आणि एकदा 'हं' म्हणालो होतो. वर्तमानपत्रवाले त्याला मुका ड्रमर म्हणायचे, असं माहितीपटातच सांगितलं होतं. पाचव्या भागात मात्र तो थेट कॅमेऱ्यासमोर येऊन बसला. सत्तरीचा, टकला, जाड चष्म्याचा म्हातारा. त्याने तोंड उघडलं, आणि रॉनी तोतरा निघाला.

डबिंगमध्ये कलाकाराला आधी काही दाखवत नाहीत. आत यायचं, तुकडा ऐकायचा, बोलायचं. ऋजुताला अर्थातच ठाऊक होतं, पण चॅनेलच्या माणसाने तिला बजावलं होतं की तोतरेपणा नको, प्रेक्षकांना वाटेल आपलंच रेकॉर्डिंग बिघडलंय. म्हणून तिने रॉनीला गुळगुळीत मराठी दिलं होतं. आता रॉनी एका शब्दासाठी झगडणार आणि तेवढ्यात मराठीत तीन वाक्यं होणार. उरलेल्या ओठांचं करायचं काय? मग ऋजुताने भर घालायला सुरुवात केली. 'खरं सांगायचं तर', 'आता बघा', 'त्याचं काय झालं माहितीये का'.

"त्या दुसऱ्याऐवजी 'आता ऐका' घेऊ," मी म्हणालो. "म्हातारा आहे, जरा अदबीने."

"वा दादा. तुमच्या कानाला तोड नाही," ऋजुता म्हणाली.

माझ्या या कानाचा मराठी डबिंगमध्ये बोलबाला होता. श्रीरंग म्हसकर शब्द पारखून घेतात, शब्द बदलून वाक्य सुधारतात, असं लोक एकमेकांना सांगायचे. खरी गोष्ट अशी की ओठ मिटून उच्चारायची अक्षरं, प, फ, ब, भ, यांचा आणि माझा लहानपणापासून उभा दावा. म तेवढा का कोण जाणे माझ्याशी नीट वागायचा. बाकीच्यांनी सुरू होणारा शब्द समोर आला की माझे ओठ मिटायचे ते मिटायचेच. आत शब्द तयार, दम तयार, आणि दार बंद. शाळेत मला धडा वाचायला उभं केलं की अख्खा वर्ग आधीपासून हसायला सरसावून बसायचा.

मग मी शहाणा झालो. 'पण' आला की 'मात्र', 'बरं' आलं की 'ठीक'. वाक्य सुरू व्हायच्या आधी पुढचे खड्डे दिसायचे आणि मी वळसा घालायचो. मला पोहे जीव की प्राण आहेत. हॉटेलात मी आयुष्यभर उपमा मागवला. आणि गणपतीतल्या नाटकात एकदा द्वारपाल झालो तेव्हा कळलं की दुसऱ्याचं बोलणं तोंडात असलं की जीभ मोकळी सुटते. नट झालो तो त्यासाठी. माझं हे गुपित आईवडील गेल्यावर एकाही माणसाला माहीत नव्हतं. लग्नाच्या बायकोलाही नाही. ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची की हे मोजकंच बोलतात.

आणि आता पडद्यावर जो दुसरा होता, त्याचं बोलणं माझंच होतं. माझी पळून जायची जागाच कुणीतरी बाहेरून बंद केली होती.

आम्ही रॉनीचा तो पहिला तुकडा लावून पाहिला. म्हातारा घामाघूम होऊन ओठ दाबतोय आणि माझा आवाज छान घसरगुंडीवरून बोलतोय.

"दादा, हा तर विमा विकायला आलाय," नौशाद म्हणाला.

ऋजुता फोन घेऊन बाहेर गेली. परत आली तेव्हा चेहरा उजळलेला. "चॅनेलने मान्य केलं. अडखळूनच करायचं. तुमच्या तर हातचा मळ आहे दादा."

"माझा घसा आज ठीक नाही," मी म्हणालो. "दुसरं कुणी सांग ना. गोखल्यांना विचार."

"आवाज तुमचा लागलाय. चार भाग गेलेत."

"चारांत मिळून मी एकदा 'हं' म्हणालोय, ऋजुता."

"ते 'हं'सुद्धा तुमचं आहे हे ओळखू येतं. आणि उद्या संध्याकाळी भाग द्यायचाय, आज कुणाला शोधू?" ती जरा थांबली. "काय झालंय? तुम्ही कधी असं करत नाही."

काय सांगणार? सांगायचं म्हटलं तरी त्यासाठी बोलावं लागणार होतं.

तेवढ्यात काचेपलीकडचं दार उघडलं आणि माझी बायको शलाका आत आली. जांभळी रेशमी साडी, केसांत गजरा, हातभर बांगड्या. संध्याकाळी पार्ल्याला तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, इथूनच दोघांनी जायचं ठरलं होतं. ती तासभर आधी येऊन ठेपली.

"या वहिनी, बसा," ऋजुता म्हणाली. "आज दादांचं वेगळंच काम ऐकायला मिळणार आहे तुम्हाला."

शलाकाने काचेतून मला हात केला. मीही केला. दुसरं काय करणार?

तुकडा असा होता. बँडचा तिसरा अल्बम नुकताच गाजलेला. कार्यक्रम संपल्यावर गिटारवाला कॉलिन एकटाच बँडची व्हॅन घेऊन घरी निघाला. बाहेर दाट धुकं. सकाळी व्हॅन रॉनीने चालवली होती आणि तिचे ब्रेक नीट लागत नाहीत हे त्याला एकट्याला माहीत होतं. कॉलिन हातात किल्ली घेऊन दारात उभा राहिला. रॉनीला त्याला सांगायचं होतं.

"ब्रेक हाच शब्द ठेवलाय," ऋजुता म्हणाली. "अगदी जवळून घेतलाय चेहरा. तिथे ओठ मिटलेले दिसतात, म्हणजे आपल्यालाही ओठ मिटणारं अक्षरच हवं. यात काही बदलू नका हं."

म्हणजे वळसा घालायला वाटच नव्हती.

लाल दिवा लागला. मी एक युक्ती केली. तमाशातला सोंगाड्या करतो तसं केलं. "ब-ब-ब-ब-ब्रेक लागत नाहीत." ते मला बिनधोक येतं, कारण ती नक्कल आहे. खरं अडकणं तसं नसतं. त्यात आवाजच नसतो.

"ओके! एकदम मस्त," ऋजुता म्हणाली आणि तिने मधल्या माइकचं बटण सोडलं. काचेपलीकडचं मला ऐकू येणं बंद झालं, पण दिसत होतं. नौशाद हसत होता. ऋजुता हसत होती. आणि शलाका तोंडाला पदर लावून हसत होती.

यात तिचा काही दोष नाही. ते ब-ब-ब लोकांनी हसावं म्हणूनच असतं. पण मी पुन्हा चौथीच्या वर्गात उभा होतो, हातात पुस्तक धरून. आणि पडद्यावर नौशादने चित्र थांबवलं होतं ते नेमकं रॉनीच्या मिटल्या ओठांवर. मानेची शीर फुगलेली, डोळे कॉलिनला शोधत असलेले. या माणसाने इतकी वर्षं तोंड उघडलं नाही, आता मरणाच्या दारात उघडलं, आणि त्याचा मी सोंगाड्या केला होता. मला माझीच किळस आली. टेक पास झाला होता. दार उघडून साखरपुड्याला जायला मी मोकळा होतो.

मी हात वर केला. "अजून एक घेऊ."

"गरज नाही दादा, छान झालंय."

"छान नाही झालं. मला त्याचा मूळ आवाज दे कानात. माझ्याएवढाच मोठा."

लाल दिवा. रॉनी बोलायला लागला आणि त्याच्या मागोमाग मी. या वेळी नक्कल नव्हती. खड्डा दिसला आणि मी वळसा न घालता सरळ चालत गेलो. "मला त्याला सांगायचं होतं की गाडीचे..."

त्याचे ओठ मिटले. माझे मिटले.

त्याचे उघडले. त्याने शब्द टाकला, पुढे गेला, कॉलिनचं सांगितलं, डोळे पुसले, तुकडा संपला, पडदा काळा झाला. माझे ओठ मिटलेलेच होते.

"दादा? मागे राहिलात. परत घेऊ?" ऋजुता म्हणाली.

उत्तर द्यावं म्हणून मी 'हो'कडे वळलो, तर तोही येईना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. हनुवटी थरथरायला लागली, छाती भरून आली, श्वास आत कोंडला. चहूकडे स्पंज. मी ओरडलो असतो तरी तो आवाज भिंतींनी गिळला असता, आणि मला तर ओरडताही येत नव्हतं. ही जीभ आता कधीच सुटणार नाही, माझं सगळं संपलं, असंच मला वाटलं.

"दादा, काय होतंय? दादा?"

लाल दिवा लागलेला असताना कुणी ते दार उघडत नाही. शलाकाने उघडलं. बांगड्या वाजवत ती आत आली आणि माझा दंड धरला.

"काय होतंय? पाणी देऊ?"

मी मान हलवली.

"बरं वाटत नाहीये? बाहेर जायचंय? पंखा नाहीये का इथे?"

बिचारी मदत करत होती. लोक असेच आपल्या तोंडात शब्द घालतात, आणि नेमके नको तेच. मी मान हलवतच राहिलो. मग ती माझ्या ओठांकडे पाहायला लागली. काचेपलीकडे ती बसली होती तिथून पडदा दिसत नव्हता, तो तिला आता दिसला. नौशादने घाबरून चित्र मागे नेऊन थांबवलं होतं. तिने वर रॉनीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आल्याचं मला तिच्या हातावरून कळलं. दंडावरची तिची पकड एकदम घट्ट झाली.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

मी उंची दाखवली. कमरेएवढी.

ती माइककडे तोंड करून म्हणाली, "ऋजुता, जरा थांबशील का? आम्ही करतो."

"वहिनी, तुम्ही आत... मग त्या बांगड्या," नौशाद म्हणाला.

तिने एकेक करून बांगड्या उतरवल्या, रुमालात गुंडाळल्या आणि खाली बसून राहिली, साडीचीसुद्धा सळसळ होऊ नये म्हणून अंग चोरून. ती गप्प राहिली आणि हळूहळू माझा श्वास बाहेर आला.

तिसऱ्या वेळी तो शब्द आला. रॉनीपेक्षा जरासा उशिरा आला, तो नौशादने सांभाळून घेतला. त्यापुढचं सगळं मी सलग बोललो. "कॉलिनने माझ्या खांद्यावर थाप मारली. म्हणाला, उद्या सांग. आणि मी म्हणालो, ठीक आहे. ठीक आहे म्हणता येत होतं मला. मी आयुष्यभर हेच केलंय. जे म्हणायचं असतं ते मी म्हणत नाही. जे म्हणता येतं ते म्हणतो."

कॉलिन त्या प्रवासातून घरी पोहोचला नाही.

ऋजुताने ओके म्हटलं. नौशादने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. ही सगळी माझी अभिनयकला होती असं त्यांनी मानून घेतलं असतं तरी मला चाललं असतं. मीच म्हणालो, "मी तोतरा आहे, ऋजुता." एवढं एक वाक्य बोलायला मला वय घालवावं लागलं. त्या दिवसानंतर ते अडकणं पहिल्यासारखं लपून राहिलं नाही. काही कामं गेली, काही राहिली. त्याचं रडगाणं इथे नको.

रिक्षात शलाका एका कडेला बसली आणि बाहेर बघत राहिली. मला वाटलं होतं ती जवळ घेईल, हात धरेल. जोगेश्वरी ओलांडली तरी तिने बांगड्या हातात घातल्या नव्हत्या.

"लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलंत," ती म्हणाली. "ते यासाठी?"

मी मान डोलावली.

तिचं माहेरचं नाव बकुळ. मुलगी बघायला गेलो तेव्हा ते पहिल्यांदा ऐकलं. मुलगी मनात भरली होती आणि नाव ओठांत अडकणार होतं. आपल्यात सोय आहे म्हणून मी ती वापरली.

"मी विचारलं होतं तुम्हाला. पहिल्याच दिवशी. का बदललंत म्हणून. आठवतं काय म्हणालात?"

"श्रीरंग आणि शलाका. जोडी छान दिसते."

"मी किती हरखले होते." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "मग आईकडे सगळे मला त्या नावाने हाका मारायला लागले की तुम्ही उठून गॅलरीत जायचात. तेव्हा मला वाटायला लागलं, यांना माझ्या माहेरचं काहीच नकोय. ते नाव माझ्या आजोबांनी ठेवलं होतं हो. मी रडलेय त्यावरून. तुम्ही झोपल्यावर."

"मला वाटलं, कुणीतरी मला हाक मारायला लावेल. म्हणून जायचो उठून."

"एकदा सांगितलं असतंत तर?"

म्हणता येण्यासारखं एक उत्तर होतं, 'ठीक आहे, चुकलं.' मी ते म्हणालो नाही.

हॉलमध्ये शिरल्याबरोबर ती बायकांच्या घोळक्यात गेली आणि माझ्याकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. सगळीकडून बकुळ, बकुळ चाललेलं. मी खुर्चीवर बसून राहिलो. साखरपुडा आटोपला, पेढे वाटले गेले, आणि फोटोग्राफर जोड्या जोड्या मंचावर बोलवायला लागला. माझ्या मेहुण्याने मला हाताला धरून वर नेलं.

"जावईबापू, तुमच्या मंडळींना बोलवा. तिकडे आहे बघा, खिडकीशी."

ती दूर होती. आईशी बोलत, माझ्याकडे पाठ करून. शलाका हे नाव माझ्या जिभेवर तयारच होतं. गुळगुळीत, रोजचं, कधी दगा न देणारं. एवढं म्हटलं की फोटो निघणार आणि आम्ही घरी जाणार होतो.

मी ओठ मिटले.

ते मिटलेलेच राहिले. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. मेहुणा म्हणाला, "काय हो, पेढा अडकला की काय?" दोनचार जण हसले. मग हसणं थांबलं आणि एकेक माणूस गप्प होऊन बघायला लागला. माझी मान ताणली गेली होती, चेहरा लाल झाला असणार. त्या शांततेमुळेच बहुधा ती वळली. तिने मला पाहिलं, माझे ओठ पाहिले. मी कुणाला हाक मारतोय ते तिला तेव्हाच कळलं होतं. तिची आई पुढे होऊन म्हणायला लागली, "अगं, तुला बोलवताहेत ते..."

तिने आईचा हात धरून तिला गप्प केलं. आणि जागेवरून हलली नाही.

अख्खा हॉल थांबला होता. ती थांबली होती. मीही थांबलो, कारण आता पळायचं नव्हतं.

"ब..." आणि पुन्हा दार लागलं. आणि मग उघडलं. "बकुळ."

"ओ," ती म्हणाली.